नगरची चिंच आणि तिचे अनेक धनी

नगर जिल्हा म्हटलं की लोकांना साखर आठवते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीत उभा केलेला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, आणि तेव्हापासून जिल्ह्याचं राजकारण, शिक्षण, लग्नसराई सगळं उसाभोवती फिरत आलं. उसाच्या मागे कांदा येतो, मग राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचं लिंबू, संगमनेरकडचं डाळिंब. चिंचेचं नाव या यादीत कोणी घेत नाही. पण राज्यात चिंचेचा बाजार कुठे, असं एखाद्या अडत्याला विचारून बघा. नगर, बार्शी, लातूर ही नावं तो एका दमात सांगेल. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी चिंचेच्या पोत्यांच्या व्यवहारात अजून ‘नगर’च चालतं.

ही चिंच पिकवतं कोण, हा प्रश्न मात्र अवघड आहे. उसाचा सभासद असतो, डाळिंबाचा बागायतदार असतो. चिंचेचा ‘चिंचवाला’ असतो तो फक्त विकणारा. माल येतो बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, गावठाणातल्या, देवळामागच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांवरून. बरीचशी झाडं आजोबा-पणजोबांच्या काळातली, काही तर कोणीच न लावलेली. कोणाच्या तरी तोंडातून पडलेल्या चिंचोक्याची ही झाडं. म्हणजे हजारो झाडांवर उभा असलेला हा व्यापार आहे आणि त्याच्या मुळाशी लागवड म्हणून जवळपास काहीच नाही.

झाड या मातीला इतकं लागू पडलंय की ते इथलंच वाटतं. मूळ आफ्रिकेचं, पण भारतात त्याचं येणं फार जुनं. उत्तर प्रदेशात नरहन इथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १३०० च्या थरात चिंचेच्या लाकडाचा कोळसा सापडला आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या नगरच्या मोठ्या भागात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात धो-धो कोसळणारा पाऊस पाथर्डी-जामखेडला पोहोचेपर्यंत दमलेला असतो. अशा ठिकाणी चिंच वर्षभर हिरवी राहते. ओलसर मुलखात ती पुरती सदाहरित. इकडे ऐन उन्हाळ्यात जुना पाला झडतो, पण झाड उघडं पडायच्या आत पोपटी पालवी येते. गावांच्या नावांतही ती मुरलेली आहे: पाथर्डीत चिंचपूर पांगुळ आणि चिंचपूर इजदे, कर्जतला चिंचोली काळदात, संगमनेरला चिंचोली गुरव. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात ती शेंगवर्गीय, म्हणजे तूर-हरभऱ्याची नातेवाईक. पण तिच्या मुळांवर गाठी येत नाहीत, त्यामुळे जमिनीत नत्र साठवण्याचं पुण्य तिच्या नावावर नाही. शेतकऱ्यांचा तिच्यावरचा राग मात्र वेगळाच असतो. तिच्या दाट सावलीत पीक धड येत नाही.

मे-जूनच्या सुमाराला लालसर रेघांची पिवळट फुलं येतात. त्यांचा आणि कोवळ्या पाल्याचा चिगूर खेडोपाडी अजून चटणीत जातो. मग बोटकं धरतात. पावसाळाभर ती हिरवी, कडक आणि दातांना आंबवणारी. थंडीत टरफल गरापासून सुटायला लागलं की गाभुळलेली चिंच हातात येते, आणि शाळेबाहेरच्या टोपल्यांचा खरा धंदा तिच्यावर चालतो. फुलापासून पिकलेल्या आकड्यापर्यंत आठ-दहा महिने जातात. त्यामुळे झोडणी येते ती फेब्रुवारीपासून, शेतात दुसरं काम कमी असताना. चिंचेचं अर्थकारण समजून घ्यायचं तर हे वेळापत्रक ध्यानात ठेवायला हवं.

व्यवहाराची रीत साधी आहे. व्यापारी किंवा त्याचा माणूस डिसेंबर-जानेवारीत गावात फिरतो, झाडाखाली उभा राहून वर बघतो, किती माल निघेल याचा अंदाज बांधतो आणि झाड उक्तं ठरवतो. मालकाच्या हातात त्या दिवशी जी रक्कम पडेल ती पडेल. पुढे भाव चढला की पडला याच्याशी त्याचा संबंध संपला. काही ठिकाणी निम्म्या वाट्यानेही होतं. झाड साठ-सत्तर फूट उंच, त्यामुळे वर चढणारा गडी हा या धंद्यातला सर्वांत महागडा आणि सर्वांत दुर्मिळ माणूस. चिंचेची फांदी चिवट, जांभळासारखी किंवा शेवग्यासारखी दगा देणारी नव्हे; तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कोणीतरी पडतो. वर गेलेला माणूस पाय रोवून लांब काठीने डहाळ्या झोडतो. त्या झोडपण्यात कोवळ्या डहाळ्याही तुटतात आणि पुढच्या मोसमाचा फुलोरा त्यांच्याबरोबर खाली येतो. चिंच एक वर्षाआड भरते असं सगळेच सांगतात. त्यातला काही भाग झाडाच्या स्वभावाचा, तर काही या काठीचा.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते बायका करतात. ओसरीत गोणपाट टाकलेलं. पुढ्यात लाकडाचा ठोकळा किंवा सपाट दगड, हातात लहानशी हातोडी. बोटूक आडवं धरायचं आणि पाठीवर इतक्याच जोराने ठोका द्यायचा की टरफलाचा भुगा व्हावा पण आतला चिंचोका फुटू नये. टरफल झटकलं की देठाकडून शिरा धरून ओढायच्या. सराईत हाताला त्या सगळ्या एका ओढीत मिळतात. मग पोटाकडून गर उकलायचा आणि चिंचोके एकेक करून बाजूला उडवायचे. तीन ढीग वाढत जातात: गराचा, चिंचोक्यांचा, टरफलांचा. मजुरी किलोवर. आंबटाने बोटांच्या पेरांना भेगा पडतात, आणि जोपर्यंत मोसम आहे तोपर्यंत त्या भरून येत नाहीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची निम्मी-अधिक तरणी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली असतात. गावात उरलेल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायकांना बसल्या जागी मिळणारं हे काम आहे. रोजगार हमीच्या चर्चेत ते कधी येत नाही, कारण ते कुठल्याच कामाच्या यादीत बसत नाही. फोडणीची यंत्रं निघाली आहेत, पण गावरान झाडाचं बोटूक कुठे वाकडं, कुठे आखूड, कुठे मधेच चिमलेलं असतं. यंत्राला एकसारखा माल लागतो, तो बांधावरचं झाड देत नाही.

अडतीत फोडलेल्या चिंचेची पारख डोळ्यांनी आणि मुठीने होते. नव्या मालाचा रंग लालसर तपकिरी, जुन्याचा काळा. मूठभर गर दाबून सोडला की तो किती सैलावतो यावरून ओल कळते, आणि बोटाला चिकटून राहिलेला चिंचोक्याचा तुकडा किंवा शीर दिसली की भाव तिथेच उतरतो. मार्च-एप्रिलात अवकाळीची एक सर आली तर झाडावरचा पिकला माल काळा पडतो, टरफलाला भेगा जाऊन बुरशी धरते. हल्ली अवकाळी ठरल्यासारखी येते. रंग टिकवायचा तर शीतगृह हवं, आणि शीतगृह परवडतं ते मोठ्या व्यापाऱ्याला. म्हणून मोसमात विकणारा शेतकरी आणि श्रावणात विकणारा साठवणारा यांच्या भावातलं अंतर कायम राहतं. मालाचं मोठं गिऱ्हाईक दक्षिणेत आहे. आपल्याकडे आमटीत लिंबाएवढी चिंच पडते. तमिळनाडू, आंध्र, तेलंगणात सांबार, रसम, पुलुसू यांचा पायाच तिच्यावर. नगरचा भाव त्यामुळे नगरात ठरत नाही. त्या राज्यांत त्या वर्षी झाडं कशी भरली, यावर तो हलतो.

आता चिंचोका. मराठीत ‘चिंचोके मिळतील’ म्हणजे काहीच मिळणार नाही. बाजाराचं मत वेगळं आहे. पिकलेल्या आकड्याचं वजन केलं तर साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि उरलेलं टरफल-शिरा निघतात. म्हणजे तिसरा हिस्सा चिंचोक्यांचाच. लहानपणी आपण ते भाजून खाल्ले, दगडावर घासून अर्धे करून सोंगट्यांच्या खेळात टाकले. घोंगडी विणणारे सनगर मात्र त्यांची खळ करतात: चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ ताण्याच्या लोकरीला कुंच्याने चोपडली की धागा ताठ राहतो आणि मागावर तुटत नाही. हेच तत्त्व पुढे गिरण्यांनी उचललं. १९४२ साली घोष आणि कृष्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सोललेल्या चिंचोक्यात जवळपास निम्मा भाग जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ असतो. मुंबईच्या पेक्टिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या डॉ. सावूर यांनी तो शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. कापडाची खळ, तागाच्या गिरण्या, छपाईचे रंग, जॅमजेली, औषधांच्या गोळ्या अशी त्याची मागणी पसरत गेली. चिंचोक्याच्या पिठावरचा जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ वर आणला गेला, तेव्हा कुठे सरकारदरबारी त्याची दखल दिसली. नगरच्या यार्डात चिंचोक्यांची पोती चिंचेच्या पोत्यांच्या शेजारीच लागतात, पण फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत हा तिसरा हिस्सा कुठेच मोजला जात नाही. माझ्या मते या सगळ्या साखळीतली सर्वांत मोठी गळती हीच आहे.

कर कमी झाला ही एक गोष्ट. चिंच कुठल्या खात्यात काय म्हणून मोजली जाते, हे बघितलं की खरी गंमत कळते. सुक्या चिंचेवरचा ५ टक्के जीएसटी सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात झालेल्या परिषदेत काढून टाकला गेला, सुकं फळ म्हणून. मसाला मंडळाच्या कायद्याखालच्या यादीत चिंच मसाला आहे, मिरी-वेलदोड्याच्या पंगतीत. आदिवासी भागासाठीच्या हमीभाव योजनेत ती गौण वनोपज आहे. बस्तरच्या जंगलातून येणाऱ्या चिंचेला आधारभूत किंमत जाहीर होते, पाथर्डीच्या बांधावरच्या चिंचेला नाही. कृषी खात्याकडे ती फळपीक आहे: १९९० पासूनच्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत होती, २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही आहे. आणि वन खात्याच्या दृष्टीने ती झाड आहे, तेही राखीव. चिंचेला एवढे धनी आहेत आणि कोणाचंही काही काम अडलं म्हणून चिंचेची बैठक बसल्याचं ऐकिवात नाही.

यातला सर्वांत परिणाम करणारा धनी शेवटचा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, मोह, आंबा, फणस, जांभूळ यांच्याबरोबर चिंच आहे. स्वतःच्या बांधावरची चिंच तोडायची तरी परवानगी लागते. हेतू चांगला, आणि जी जुनी झाडं आज उभी आहेत त्यांतली काही त्या कायद्यामुळे उभी आहेत हे नाकारता येणार नाही. पण कायद्याने झाड तोडणं अवघड केलं, तेव्हा लावणंही अवघड करून ठेवलं. उद्या विहीर पाडायची, घर बांधायचं, वाटण्या करायच्या तर हे झाड आडवं येणार, मग लावाच कशाला, असा हिशोब शेतकरी घालतो. तो चुकीचाही म्हणता येत नाही. दुसरीकडे, पोरीचं लग्न तोंडावर आलं की लाकडाचा ठेकेदार कुठूनतरी दाराशी उभा राहतोच. चिंचेच्या लाकडाला वीटभट्टीत मागणी आहे, कारण त्याची आच जबरदस्त. खाटकाचा ठोकळा तर चिंचेचाच लागतो, दुसऱ्या लाकडाचा भुसा मटणात उतरतो. पूर्वी तेलघाणे, उखळ, गाडीच्या चाकाचे तुंबे याच लाकडाचे. शंभर वर्षं फळ देऊ शकणारं झाड एका दुपारी लाकडाच्या भावाने जातं. उक्त्या फळाची दहा-वीस वर्षांची रक्कम मांडली तर हा सौदा तोट्याचाच ठरतो, पण लग्नाची तारीख दहा वर्षं थांबत नाही.

रस्त्यांचं प्रकरण याहून मोठं. नगर हे रस्त्यांचं शहर: पुणे, मनमाड, सोलापूर, संभाजीनगर, कल्याण, पाथर्डी अशा सगळ्या दिशांनी रस्ते येऊन मिळतात. त्यांच्या कडेला वड, निंब आणि चिंचेची जी रांग होती, तिच्या फळांचा लिलाव सार्वजनिक बांधकाम खातं करत असे. रस्त्याची चिंच घेणारे ठरलेले लोक असत. चौपदरीकरणाच्या लाटेत या रांगा गेल्या. बदल्यात झाडं लावली जातात, पण ती काय लावतात ते दुभाजकाकडे बघितलं की कळतं: कण्हेर, बोगनवेल, शोभेची झुडपं. २०२१ मध्ये शहरांसाठीच्या वृक्षकायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं, आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. तो कायदा शहरी भागाचा. सत्तर-ऐंशी वर्षांची चिंच शहराच्या हद्दीपलीकडे उभी असेल, तर तिचं वय कोणी विचारत नाही.

मग बाग का करू नये? या प्रश्नावर कृषी विद्यापीठांनी काम केलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्रातून ‘प्रतिष्ठान’ हा वाण आला. तमिळनाडूत पेरियाकुलमहून ‘पीकेएम १’ आला, ज्याचं उत्पादन झाडामागे २६३ किलोपर्यंत सांगितलं जातं. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमाला चार-पाच. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी १०० झाडं बसतात. खत-पाण्याची मागणी डाळिंबाच्या पासंगाला पुरणार नाही, फवारणी नावापुरती, राखण तर लागतच नाही. कागदावर हे इतकं चांगलं दिसतं की मग शेतकरी डाळिंबाच्या तेल्या रोगापायी कर्जबाजारी का होतो, असा प्रश्न पडावा.

उत्तर त्या चार-पाच वर्षांत आहे. अनुदान रोपाचं आणि खड्ड्याचं मिळतं, वाट बघण्याचं मिळत नाही. डाळिंब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैसा दाखवतं, कांदा चार महिन्यांत. शिवाय कलमी बागेची चिंच एकदम निघायला लागली तर भाव टिकेल का, याची खात्री कोणी देत नाही, कारण आजचा भाव हा बांधावरच्या, कोणी न लावलेल्या झाडांच्या उत्पादनखर्चावर ठरलेला आहे. ज्या मालाचा लागवडखर्च शून्य आहे त्याच्याशी बागेने कशी स्पर्धा करायची? माझ्या मते निव्वळ चिंचेची बाग ही नगरच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी योग्य सल्ला नाही. थायलंडने गोड चिंचेचं केलं तसं खायच्या फळाचं वेगळं गिऱ्हाईक उभं केलं तर गोष्ट निराळी. पुण्यातल्या मॉलमध्ये ती थाई चिंच डब्यात बांधून येते आणि आमटीच्या चिंचेच्या कितीतरी पट भावाने जाते. आपल्याकडच्या बाजाराला आंबटच लागते.

बाग असो वा बांध, साठवणुकीत किडीचाही एक मुद्दा आहे. चिंचोक्यात वाढणारा भुंगा झाडावरच अंडी घालतो आणि साठवणुकीत पोतं पोखरतो. तोच भुंगा भुईमुगाच्या शेंगांवरही जातो. जिथे भुईमुगाची साठवण आणि चिंचेची पोती एका खोलीत, तिथे दोन्हींचं नुकसान.

बागेची बाजू अशी; बांधाची बाजू मात्र अजून कोणी नीट मांडलेली नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला बांधावरची झाडं नोंदवण्याची सोय आहे. ती नोंद नीट झाली तर जिल्ह्यात चिंचेची झाडं किती आणि कुठल्या गावात, हे पहिल्यांदा कळेल. आज व्यापारी डोळ्यांनी जे मोजतो ते सरकारकडे नाही. हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदी करून दाखवली, पण तिथे झाडाचं फळ आणि चारा गावाच्या हिशोबात आला म्हणून ती टिकली. नुसत्या बंदीने काय होतं ते १९६४ च्या कायद्याने दाखवलेलंच आहे. गायरानातली, रस्त्याकडेची चिंच ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात जमा झाली, आणि नवीन लावलेल्या बांधावरच्या चिंचेला तोडीच्या परवानगीतून सूट मिळाली, तर लावणारे हात पुढे येतील. बांबूच्या बाबतीत असे नियम सैल केले गेले आहेत; चिंचेच्या बाबतीत कोणी मागणीच केलेली दिसत नाही.

बांधावरच कलमं लावायची तर उंचीचं बघावं लागेल. गावरान झाड साठ फुटांवर जातं म्हणून चढणारा लागतो, आणि चढणारी पिढी आता संपत आली आहे. तरण्या पोरांना पुणे-चाकणच्या कंपन्यांत बारा तास उभं राहणं परवडतं, झाडावर चढणं नाही. नगर तालुक्यात आणि पाथर्डीकडे काही झाडं गेल्या काही मोसमांत न झोडताच राहिली, माल खाली पडून सडला. कलमाला सुरुवातीच्या वर्षांत शेंडा मारून पंधरा-वीस फुटांत ठेवलं, तर खालून आकडीने काढणी होते. त्यात सावलीही आखडते, म्हणून शेजाऱ्याशी बांधावरून होणारं भांडणही कमी. अशा झाडाला काठीचा मार बसणार नाही, आणि चढणाऱ्याचा हिस्सा उरणार नाही. तो कोणाकडे जाईल हे अजून ठरायचं आहे. उक्ता घेणारा व्यापारी तो आपल्याकडे ओढेल, नाहीतर फोडणाऱ्या बायका काढणीही स्वतः करायला लागतील आणि किलोच्या मजुरीऐवजी वाटा मागतील. काढणी, फोडणी आणि चिंचोके एकाच घरात राहिले तर झाडाचा सौदा डिसेंबरात उक्ता करायची गरज उरत नाही. माल एप्रिलपर्यंत घरात थांबू शकतो. बचत गटांना पापड-लोणच्यांसाठी जेवढं कर्ज मिळतं, तेवढ्यात एका गावाच्या चिंचेची पोती शीतगृहात ठेवण्याचं भाडं सुटायला हरकत नाही.